सहाव्या वारची चिठ्ठी

वॉर्डन्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
२२ एप्रिल १८११

प्रिय मिरियम,

तुझ्या घरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझं पत्र नाही, म्हणजे घड्याळ बरोबर चाललंय असं मी धरून चालतो. आज लिहितो आहे ते कामासाठी, आणि काम माझ्या अब्रूचं आहे.

म्हातारा ॲण्ड्र्यू गिल्क्रिस्ट फेब्रुवारीत वारला. त्याच्या घरी फीबी नावाची काळी बाई आहे, वय पस्तीस-छत्तीस, जन्मापासून त्यांची गुलाम. पुतण्या थॉमसने आता तिला विकायला काढलंय. तर ही बाई घरातून निघाली ती थेट एलियास टाउनसेंड वकिलाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचं म्हणणं, मी गुलाम नाहीच. का, तर ऐंशी सालच्या कायद्याने प्रत्येक मालकाने आपल्या गुलामाचं नाव एक नोव्हेंबरपर्यंत न्यायालयाच्या वहीत नोंदवायचं होतं. मुदतीत नोंद नाही, तर तो माणूस मोकळा. आणि फीबीची आई तिला सांगायची की मालक तुझं नाव घालायला गेले ते डुकरं कापून, मीठ लावून झाल्यावर. म्हणजे नोव्हेंबर चांगला लागल्यावर.

वही मात्र म्हणते, ११ ऑक्टोबर १७८०. आणि ती वही माझ्या हातची आहे.

तुला आठवत असेल, एकोणनव्वद साली न्यायालयाचं छप्पर गळलं आणि मूळ वही कुजली. तिची नक्कल करण्याचं काम मला मिळालं. मी बावीस वर्षांचा, शाळेचं तोंड न पाहिलेला, आकडे घड्याळांच्या तबकड्यांवरून शिकलेला आणि अक्षरं बायबलवरून. वकिलांची शिकली-सवरलेली मुलं रांगेत असताना माझं अक्षर पसंत पडलं. एकशे चौऱ्याहत्तर पानं लिहिली, एक खाडाखोड नाही. जुना कारकून नेथन पेनॉक याच्या दोन-तीन चुकाही जाता जाता नीट केल्या, कुणाला न सांगता. त्यात मिरवण्यासारखं काय आहे? मूळ वही नंतर टाकून दिली.

तर काल हा टाउनसेंड दुकानात येऊन म्हणतो, "मिस्टर क्लाइन, नक्कल करताना एखादी तारीख इकडची तिकडे झाली असेल का हो?"

मी म्हटलं, "चौदा वर्षं माझं पंचांग निघतंय. एक ग्रहण चुकलेलं दाखवा. झूकच्या पंचांगात गेल्या साली एका आठवड्यात दोन रविवार आले होते, हा प्रश्न त्याला विचारा."

तू न्यायाधीश मॅकॲलिस्टरांचं घर अकरा वर्षं सांभाळलंस आणि ते वारल्यावर त्यांच्या कागदांची पेटी तुझ्याकडे आली. पेनॉक त्यांचाच कारकून. रोज एक तरी चिठ्ठी त्यांना धाडायचा असं म्हणतात. ऐंशी सालच्या चिठ्ठ्यांत गिल्क्रिस्टचं नाव सापडलं तर माझी तारीख पक्की होईल आणि टाउनसेंडला उत्तर मिळेल. सुनावणी ऑगस्टात आहे.

तुझा आतेभाऊ,
ॲब्नर क्लाइन


फिलाडेल्फिया
चौथ्या महिन्याची ३०, १८११

ॲब्नर,

घड्याळ सात मिनिटं पुढे चालतं. पहिल्या वारी, म्हणजे तुमच्या रविवारी, प्रार्थनासभेला मी सगळ्यांच्या आधी पोचते आणि लोक मला फार भाविक समजतात. तुझ्या हाताचा हा एवढा पुण्यलाभ मी मुकाट्याने घेतला, म्हणून पत्र नव्हतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला काय हवंय ते पहिल्या ओळीत कळलं. त्या बाईला काय हवंय ते मात्र मलाच शोधून काढावं लागलं.

पेटी माझ्या पलंगाखाली आहे. न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून देत नसत, लावूनही ठेवत नसत. तेव्हा वेळ लागेल. पेनॉकला मी लहानपणी पाहिलंय. इंग्रजांशी लढाईच्या वर्षांत आम्ही कुठलीच बाजू घेत नसताना त्याने नव्या राज्याशी निष्ठेची कबुली दिली म्हणून आपल्या क्वेकर सभेने त्याला बाहेर काढलं. आपल्या म्हणजे माझ्या. तुझ्या आईला त्याआधीच काढलं होतं, लूथरपंथी माणसाशी लग्न केलं म्हणून. पण पेनॉक दर पहिल्या वारी यायचा आणि मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचा. कुणी 'ये' म्हणायचं नाही, कुणी 'जा' म्हणायचं नाही.

न्यायालयातही डोक्यावरची टोपी काढायचा नाही. भरल्या न्यायालयात न्यायाधीशांना 'तू' म्हणायचा, जसं आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. नव्या वकिलांना घाम फुटायचा. न्यायाधीश जेवताना मला म्हणाले होते, "या काउंटीत मला अरे-तुरे करणारा एकच माणूस आहे, मिरियम, आणि माझ्याकडे काही न मागणाराही तोच."

शोधते.

मिरियम


वॉर्डन्स फोर्ड
९ मे १८११

प्रिय मिरियम,

घड्याळाचा लोलक किंचित खाली उतरव. खालचा स्क्रू डावीकडे, दीड फेरा. दोन नाही.

तुझे टोमणे पोचले. तुला वाटेल मी त्या बाईचा शत्रू आहे. तसं नाही. ती बोलते ते खरं असतं तर मी आनंदाने मान्य केलं असतं. पण आकडा हा आकडा असतो, तो कुणाची कीव करत नाही.

परवा ती स्वतः दुकानात आली. टाउनसेंडच्या आईकडे राहते आहे सध्या. मी एका फ्रेंच घड्याळाची कमान बसवत होतो. ती बाकाशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुमची वही बघितली, मिस्टर क्लाइन. वकीलसाहेबांनी दाखवली. मला वाचता येत नाही, पण माझं नाव कुठलं ते त्यांनी बोट ठेवून सांगितलं. फार देखणं लिहिलंय."

मी म्हटलं, "काळजीपूर्वक लिहिलंय."

"तेच म्हणते. इतक्या देखण्या अक्षरात चूक असेल असं कोण म्हणणार? माझ्या आईला तर सहीसुद्धा येत नव्हती."

"तुझी आई खोटं बोलली असं मी म्हटलेलं नाही. माणूस महिना विसरतो."

तेव्हा ती हसली. "डुक्कर कापायचा महिना? ऑक्टोबरात कापलं तर मांस सडतं, साहेब. थंडी पडल्याशिवाय सुरीला हात लावायचा नसतो. तुमच्याच पंचांगात आहे म्हणतात ते."

आहे. नोव्हेंबरच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात. मीच छापतो.

जाताना म्हणाली, "मालक आजारी पडले की तुमचं पंचांग मला हातात धरायला लावायचे आणि स्वतः वाचायचे. क्लाइन चुकत नाही, म्हणायचे. आता त्यांचा पुतण्या तेच म्हणतोय."

चिठ्ठी शोध, मिरियम. ऑगस्टात वहीचं खरं ठरलं तर ती मरेपर्यंत गिल्क्रिस्टांची, आणि थॉमस तिला ओहायो नदीच्या काठच्या कुणाला तरी देऊन टाकणार. ते माझ्या अक्षरामुळे होणार असेल तर निदान अक्षर बरोबर आहे हे मला ठाऊक हवं.

ॲब्नर


फिलाडेल्फिया
पाचव्या महिन्याची २७, १८११

ॲब्नर,

सापडली. घोड्याच्या खोगिराच्या एका पावतीला चिकटली होती. तळहाताएवढा कागद, चार घड्या. शाई तपकिरी झाली आहे पण एकही अक्षर गेलेलं नाही. शब्दन् शब्द उतरवते:

"आर्चिबाल्ड मॅकॲलिस्टर,

ॲण्ड्र्यू गिल्क्रिस्ट आज, सहाव्या वारी, माझ्याकडे आला आणि घरच्या फीबी नावाच्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीची नोंद करून गेला. तारखेच्या बाबतीत त्याने माझ्याकडे शेजारधर्म मागितला. मी त्याला सफरचंदाची दारू पाजली आणि तारीख आजची लिहिली. नोंद करून घेणं माझं काम. ती चालते की नाही हे ठरवणं तुझं.

तुझा मित्र,
नेथन पेनॉक
१०. ११. १७८०"

मागे न्यायाधीशांच्या हातचं: "वही पाहिली. कुणी विचारलं तर सांगेन. आ. मॅ."

पेनॉकची सही साधी आहे, खाली वेलबुट्टी नाही, शेपूट नाही. पण शेवटच्या अक्षराशी लेखणी उचलण्याआधी तो क्षणभर थांबलेला दिसतो. तिथे शाई दाट आहे. शेजाऱ्याचं नाव घेऊन त्याला चोर म्हटलं नाही, आणि मागची तारीख घालण्याची चोरीही त्याला करू दिली नाही. एवढं सगळं पाच ओळींत. मी ती चिठ्ठी दिवसभर ओच्यात घेऊन फिरले.

आणि तरीही एक सांगते. "कुणी विचारलं तर." एकतीस वर्षं कुणी विचारलं नाही, ॲब्नर. दोघेही सरळ माणसं होती, आणि दोघेही कुणी विचारायची वाट बघत म्हातारे झाले.

तारीख तू वाचलीसच. दहा, अकरा. आम्ही महिन्यांना देवादिकांची नावं देत नाही, नुसता आकडा लिहितो, हे तुला सांगायला नको. आता कुणी म्हणेल दहाव्या महिन्याची अकरा, कुणी म्हणेल अकराव्याची दहा. कुणी काय म्हणावं हे मी ठरवत नाही. पण तू पंचांग करतोस. ऐंशी साली ११ ऑक्टोबरला कुठला वार होता?

मिरियम


फिलाडेल्फिया
सहाव्या महिन्याची २४, १८११

ॲब्नर,

चार आठवडे झाले. पुढच्या शतकातलं ग्रहण सांगायला तुला एक दुपार पुरते, असं तूच सांगत असतोस. मागचा एक वार काढायला इतका वेळ?

मी माझ्यापुरती बोटं मोजली आहेत. बायकांचं गणित, म्हणशील. मोजून झाल्यावर तुझं एप्रिलचं पत्र पुन्हा काढलं. "दोन-तीन चुका जाता जाता नीट केल्या, कुणाला न सांगता." हे वाक्य तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

मी टाउनसेंडला अजून लिहिलेलं नाही. तू लिहिणार नसलास तर सातव्या महिन्याच्या पंधराला मी लिहीन. हे धमकी म्हणून नाही. तुला आधी बोलायची जागा मिळावी म्हणून तारीख सांगते.

लोलक उतरवला. घड्याळ आता बरोबर चालतं.

मिरियम


वॉर्डन्स फोर्ड
१ जुलै १८११

प्रिय मिरियम,

११ ऑक्टोबर १७८० बुधवार होता. तुमचा चौथा वार. १० नोव्हेंबर शुक्रवार, तुमचा सहावा. पहिल्यांदा हिशेब केला तेव्हाच हे आलं. मग मी तो आणखी चार वेळा केला, दोनदा उलट्या बाजूने, कुठे लीप वर्ष सुटतंय का ते बघत. सुटत नव्हतं.

हे मला तुझ्या चिठ्ठीने कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. चिठ्ठी वाचता वाचता मला ते मूळ पान डोळ्यांसमोर आलं. ओल्याने कडा काळ्या पडलेल्या, आणि सगळ्यात शेवटी, इतर नोंदींपासून दोन बोटं सोडून, एकटीच एक नोंद: फीबी, पाच वर्षं, १०. ११. १७८०. वरच्या सगळ्या नोंदींत पेनॉकने दिवस आधी आणि महिना नंतर लिहिला होता. २४. १०. ३०. १०. मला ते दिसत होतं, मिरियम. पण मी बावीस वर्षांचा होतो आणि मला कायदा माहीत होता. वही एक नोव्हेंबरला बंद झाली. मग दहा नोव्हेंबरची नोंद तीत असेलच कशी? म्हातारा चुकला. आकडे उलटे पडले त्याचे. म्हणून मी ते सुलटे केले, लोकांना कळावं म्हणून महिन्याचं नाव घातलं, आणि ती नोंद शेवटून उचलून ऑक्टोबरच्या नोंदींत तिच्या 'योग्य' जागी नेऊन बसवली. ती दोन बोटांची मोकळी जागाही ठेवली नाही. पान फार छान दिसलं होतं.

पेनॉकने ती जागा मुद्दाम सोडली होती हे आज कळतंय. जे त्याला शब्दांत लिहायचं नव्हतं ते त्याने जागेत लिहिलं होतं. आणि मी, ज्याच्यासारखं बारकाईने बघणारं काउंटीत दुसरं कुणी नाही असं मी स्वतःच सांगत फिरतो, मी ते पुसून टाकलं.

चार आठवडे काय करत होतो विचारशील तर पुढच्या वर्षाचं पंचांग करत होतो. पहिल्या पानावर दरवर्षी एक ओळ असते: 'यात एकही चूक नाही.' ती ओळ जुळवायला घेतो आणि ठेवून देतो. मला पदवी नाही, शाळा नाही, घराणं नाही. मी चुकत नाही एवढीच माझी ओळख. ती गेली की मग घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस उरतो.

टाउनसेंडला मी काल सगळं सांगितलं. त्याने बसायला खुर्ची पुढे सरकवली. मूळ चिठ्ठी लागेल. टपालाने पाठवू नकोस. त्याचा भाऊ आठवड्याने फिलाडेल्फियाला येतो आहे, त्याच्या हाती दे, आणि घड्या आहेत तशाच घाल. नव्या घड्या पाडू नकोस.

ॲब्नर


फिलाडेल्फिया
सातव्या महिन्याची १०, १८११

ॲब्नर,

चिठ्ठी दिली. दोन पाट्यांमध्ये, जुन्याच घड्यांवर.

'घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस' हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस. मी पुन्हा वाचलं आणि मला ते वर्णन पेनॉकच्या सहीसारखं वाटलं. साधं, खाली वेलबुट्टी नाही.

न्यायालयात दोन-तीन चुका म्हणू नकोस. एक म्हण, आणि कुठली ते सांग. उरलेल्या शोधायला तुला पुढे वेळ आहे.

मिरियम


वॉर्डन्स फोर्ड
सहावा वार, आठव्या महिन्याची ९, १८११

प्रिय मिरियम,

फीबी मोकळी झाली. हे आधी लिहितो, कारण तू पत्र शेवटून वाचतेस हे मला माहीत आहे.

या मंगळवारी सुनावणी झाली. न्यायालय भरलेलं. मी मूळ पान कसं होतं ते सांगितलं, आणि त्याचं मी काय केलं तेही. थॉमस गिल्क्रिस्टचा वकील उठला. गोड माणूस. म्हणाला, "मिस्टर क्लाइन, बावीस वर्षं तुम्ही सांगत आलात की ही नक्कल बिनचूक आहे. आज सांगता की चूक आहे. मग आज तुम्ही वाराचं जे गणित मांडताय ते बरोबर कशावरून? उद्या तेही चुकलं म्हणाल."

लोक हसले. एप्रिलातला ॲब्नर असता तर त्याने तिथे ग्रहणांची यादी वाचली असती.

मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. माझ्यावर विश्वास ठेवू नका." आणि पिशवीतून ऐंशी सालचं पंचांग काढून न्यायाधीशांपुढे ठेवलं. त्या साली मी तेरा वर्षांचा होतो, ते पंचांग माझं कुठलं असणार? ते झूकच्या बापाचं होतं. मिळवायला मला आदल्या दिवशी झूकच्या घरी जावं लागलं. त्यांच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांची पंचांगं एका खिळ्याला टांगलेली आहेत. झूकने ते हातात धरून ठेवलं आणि विचारलं, "माझ्या बापाचं गणित चालेल का तुला, ॲब्नर? आमच्यात रविवार दोन असतात." मी म्हटलं, "मला शुक्रवार एक हवाय." त्याने दिलं. वर जेवायला बसवलं.

न्यायाधीशांनी स्वतः पान उलटलं. ऑक्टोबरवर बोट ठेवलं, मग नोव्हेंबरवर. मग चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. चष्मा काढून जवळ धरली, आणि 'तारीख आजची लिहिली' ही ओळ मोठ्याने वाचली. इतकी वर्षं मेलेला माणूस टोपी न काढता येऊन उभा राहिला आहे आणि सगळ्यांना 'तू' म्हणतोय असं वाटलं. गोड वकील खाली बसला. बाकीचं टाउनसेंडने केलं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी मला बोलावून वही पुढे केली. ऑक्टोबरची ती ओळ खोडायची आणि समासात दुरुस्ती लिहून सही करायची. मी खोडली. एकशे चौऱ्याहत्तर पानांतली पहिली खाडाखोड. मग सगळ्या नोंदी संपतात तिथे, खाली दोन बोटं जागा सोडून, पेनॉकने लिहिलं होतं तसंच लिहिलं: फीबी, पाच वर्षं, १०. ११. १७८०. आणि समासात: 'नेथन पेनॉक याने बरोबर लिहिलं होतं. चूक माझी. ॲब्नर क्लाइन.' सहीखाली मी नेहमी काढतो ती वेलबुट्टी काढली नाही. सवयीने हात वळत होता.

फीबी तिथेच होती. म्हणाली, "वाचा."

मी वाचून दाखवलं. तिने विचारलं, "हे कधी चुकलं होतं म्हणालात?"

"एकोणनव्वद साली."

"मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. फक्त सांगितलं.

मी तिला म्हटलं, "हे तुम्हाला परत देता येत नाही." तिला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. तिच्या लक्षात आलं. तिने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आईला डुकरं कापायचा महिना माहीत होता, एवढं तरी कुठे लिहिता येईल का?"

वहीत तिला जागा नव्हती. पण पंचांग माझं स्वतःचं आहे. पहिल्या पानावरची ती जुनी ओळ मी काढून टाकली. नोव्हेंबरच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, यंदा असं छापतो आहे: 'थंडी पडल्यावर डुकरं कापावीत. फीबीची आई सांगते ते बरोबर.' लोक विचारतील ही फीबी कोण. विचारू देत. विचारणाऱ्याची वाट बघत बसायचं नाही, एवढं मी त्या दोघा भल्या माणसांकडून उलट्या बाजूने शिकलो.

चिठ्ठी न्यायालयाने ठेवून घेतली. तुझी परवानगी न घेता मी हो म्हटलं. आता वहीत त्याच पानावर, जुन्याच घड्यांत आहे.

वरची तारीख तुझ्या पद्धतीने लिहिली आहे, वारासकट. आईच्या घरची पद्धत, म्हणून हौस वाटली. चुकली असेल तर मला कळव. परस्पर सुधारू मात्र नकोस.

तुझा आतेभाऊ,
ॲब्नर क्लाइन